दिल्लीत इंटर्नशिप केलीत? प्रत्यक्ष काम काय मिळालं ते लिहा

निळी शाई (धागाकर्ती)

परीक्षा संपत आल्या की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: दिल्लीत इंटर्नशिप करावी का, आणि करायची तर कुठे? उत्तरंही ठरलेली. "नीती आयोगात टाक, सीव्हीवर वजन पडतं." "सुप्रीम कोर्टात जा, ओळखी होतात." तिथे जाऊन दिवसभर काय केलं, हे मात्र फार थोडे जण सांगतात. जाणाऱ्या मुलांना नेमकं तेच कळायला हवं, म्हणून हा धागा काढतेय. सुरुवात माझ्यापासून.

मी राज्यशास्त्रात एमए केलं. दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचं ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) होतं. मी एका केंद्रीय मंत्रालयात अर्ज केला आणि अर्थसंकल्पी अधिवेशनाचा दुसरा टप्पा चालू असताना तिथे रुजू झाले. सेक्शनमध्ये एक टेबल मिळालं आणि जुने वार्षिक अहवाल. "वाचून ठेवा," एवढंच सांगितलं. मग एका दुपारी संसदेचा तारांकित प्रश्न आला आणि सगळ्या सेक्शनचा नूर पालटला.

लोकसभेत प्रश्नोत्तराच्या एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकितचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं की झालं. तारांकितला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर खासदार पूरक प्रश्न विचारू शकतात. म्हणजे उत्तर तर लिहायचंच, शिवाय समोरून आणखी काय काय विचारलं जाईल याचा अंदाज बांधून पूरक प्रश्नांसाठी वेगळी नोट तयार करायची. मसुदा सेक्शनमध्ये तयार होतो, मग अंडर सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी किंवा डायरेक्टर, जॉइंट सेक्रेटरी, सचिव अशा पायऱ्या चढत मंत्र्यांपर्यंत जातो.

माझ्याकडे राज्यनिहाय तक्ता आला. मंजूर निधी, दिलेला निधी, वापर प्रमाणपत्र आलं का, असे रकाने. तीन राज्यांचे आकडे गेल्या वर्षीच्या उत्तराशी जुळत नव्हते. दोन राज्यांना फोन झाले, तिसऱ्याचं पत्र जुन्या फाइलमध्ये सापडलं. मसुद्यात "योजनेची अंमलबजावणी समाधानकारक आहे" असं एक वाक्य होतं. अंडर सेक्रेटरी मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "समाधानकारक आहे की नाही हे खासदार ठरवतील. आपण आकडा द्यायचा." दुसरं एक वाक्य होतं, माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल. तेही त्यांनी काढायला लावलं. तसं लिहिलं की ते सरकारचं आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं आणि त्याच्यावर संसदेच्या समितीची नजर असते.

दोन वर्षं पुस्तकात 'कार्यकारी मंडळाचं उत्तरदायित्व' वाचत होते. त्या तक्त्यापाशी बसल्यावर ते कसं चालतं ते दिसलं. म्हणून सांगते, मंत्रालयात जायचं असेल तर शक्यतो अधिवेशनाच्या तारखा बघून जा. एरवी त्याच सेक्शनला इंटर्नला द्यायला काम नसतं.

आता तुम्ही लिहा.

शून्य प्रहर

छान धागा. मी त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला होतो, खासदारांच्या ऑफिसात.

प्रश्न विचारणं बाहेरून सोपं वाटतं. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यात युक्तिवाद, अनुमान, आरोप काही चालत नाही. कुठल्या मंत्रालयाचा प्रश्न कोणत्या वारी हे ठरलेलं असतं, आणि कोणाचा प्रश्न वर येणार ते बॅलटवर, म्हणजे सोडतीवर. त्यामुळे रोज नवे मसुदे लिहायचे आणि त्यातले थोडेच लागायचे. पण "सरकार अमुक का करत नाही" हे "गेल्या तीन वर्षांत राज्यनिहाय किती, आणि नसल्यास कारणे काय" असं मांडायची सवय लागते. ही सवय पुढे मला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिताना, प्रबंधाचा प्रश्न ठरवताना, सगळीकडे उपयोगी पडली आहे.

शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांचं, कामकाज असतं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं नाही, त्यामुळे बरेच इंटर्न त्या कामाला नाक मुरडतात. मला ते सगळ्यात आवडलं. कोरा कागद घ्यायचा, व्याख्यांचं कलम लिहायचं, कोणाला अधिकार, कोणावर बंधन, पैसा कुठून येणार ते लिहायचं, आणि शेवटी उद्देश व कारणांचं निवेदन. कायदा म्हणजे काय हे कळायला याच्याइतका चांगला सराव नाही.

अर्थसंकल्पी अधिवेशनात मधे सुट्टी असते तेव्हा बरेच इंटर्न घरी जातात. खरं तर त्याच काळात संसदेच्या विभागसंलग्न स्थायी समित्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी मागितलेला खर्च, तपासत असतात. अशा २४ समित्या आहेत. बैठकांना आपल्याला बसता येत नाही, पण खासदारांसाठी तयारी आपणच करतो. त्या समित्यांचे अहवाल मी तेव्हा वाचायला लागलो ते अजून वाचतोय.

ज्यांना हे पूर्ण वेळ करायचं आहे त्यांनी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप बघा. २०१० पासून चालू आहे, पदवीनंतर, वय २५ पर्यंत. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदाराबरोबर काम, आणि त्याचं मानधन मिळतं.

एक पालक

इथे विद्यार्थी बोलत आहेत, मी मधेच येतेय, पण राहवत नाही. मुलगी अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नीती आयोगाला अर्ज करायचा म्हणते. तिथे पैसे मिळत नाहीत असं कळलं. दिल्लीत दोन महिने राहणं, खाणं, जाणं-येणं सगळं आम्हीच करायचं. करूही. पण ती एकटी राहणार कुठे, रात्री उशीर झाला तर येणार कशी, याने झोप उडाली आहे. कोणी नीट सांगेल का?

जुना दिल्लीकर

ताई, काळजी वाटणारच. शिक्षणासाठी आलो आणि इथलाच झालो, त्यामुळे राहण्याचं मी सांगतो.

आधी ऑफिस कुठे ते बघा आणि मग मेट्रोची लाइन धरून घर शोधा. नीती आयोग संसद मार्गावर आहे, पटेल चौक स्टेशन जवळ, म्हणजे यलो लाइन. मालवीय नगर, ग्रीन पार्क या बाजूला खोली मिळाली तर गाडी बदलावी लागत नाही. लक्ष्मीनगर स्वस्त पडतं, पण ते ब्लू लाइनवर आहे, राजीव चौकात बदलावं लागतं आणि संध्याकाळी तिथे गर्दी फार. मंत्रालयांत जाणाऱ्यांसाठी जंगपुरा, लाजपत नगर चांगलं, व्हायोलेट लाइन थेट सेंट्रल सेक्रेटरिएटला नेते. दोघींत एक खोली, जेवणासकट माणशी महिन्याला साधारण १० ते १५ हजार धरून चला. भाग चांगला असेल तर जास्त. मेट्रोत गाडी ज्या दिशेने जाते त्या बाजूचा पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. स्टेशनपासून पीजीपर्यंतचा (पेइंग गेस्ट म्हणून राहायच्या जागेपर्यंतचा) रस्ता मात्र रात्री नऊच्या सुमारास स्वतः चालून बघा आणि मगच पैसे द्या. दिवसा गजबजलेली गल्ली रात्री कशी असते ते त्याशिवाय कळत नाही.

विजेचं आधी बोलून घ्या. बहुतेक पीजीत सबमीटर असतो आणि युनिटचा दर मालक ठरवतो. दिल्ली सरकारची वीज सवलत घराच्या मीटरवर असते, पीजीतल्या मुलांपर्यंत ती बऱ्याचदा पोहोचत नाही. मे-जूनमध्ये कूलर, एसी लावल्यावर बिल बघून मुलं हबकतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. तळघरातली खोली घेऊ नका, तळघरातल्या अभ्यासिकेतही बसू नका. २७ जुलै २०२४ ला जुन्या राजेंद्र नगरात पावसाचं पाणी एका कोचिंगच्या तळघरात शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. त्याच्या आदल्या वर्षी मुखर्जी नगरात आग लागली तेव्हा मुलं खिडकीतून वायरींना, दोरांना धरून खाली उतरत होती. खोली बघायला गेलात की दुसरा जिना आहे का, खिडकीला उघडता न येणारी जाळी आहे का, तेवढं बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मालक पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरून घेतो, त्याला घाबरायचं कारण नाही. भरून घेत नसेल तर उलट विचारा.

वादसूची

मी विधी शाखेची, पाच वर्षांचा कोर्स. आमच्याकडे इंटर्नशिप ऐच्छिक नाही. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे, तीन वर्षांच्या कोर्सला १२ आठवडे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर धरत नाहीत. त्यामुळे दर सुट्टीत धावाधाव ठरलेली.

'सुप्रीम कोर्टात इंटर्नशिप' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये इंटर्नशिप. सुप्रीम कोर्टात वकिलांपैकी प्रकरण दाखल करायचा अधिकार फक्त ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डला (एओआर) असतो, परीक्षा देऊन तो मिळतो. शिकायचं असेल तर अर्ज तिथे करा. मोठ्या सीनिअर वकिलांचं नाव सीव्हीवर झळकतं खरं, पण तयार ब्रीफ त्यांच्यापर्यंत जातं, ते तयार होतं एओआरच्या ऑफिसात.

काम काय? सगळ्यात जास्त 'लिस्ट ऑफ डेट्स'. प्रकरणात कधी काय घडलं ते तारखेनिशी लिहायचं. ऐकायला कारकुनी वाटतं. माझ्याकडे भूसंपादनाचं एक प्रकरण होतं, हजारएक पानांचं. अधिसूचना कधी निघाली, ती गावात कधी लागली, हरकत कधी घेतली, निवाडा कधी झाला. सगळ्या तारखा एकाखाली एक लिहिल्यावर लक्षात आलं की हरकतीची मुदत संपण्याआधीच पुढचा आदेश निघालाय. हायकोर्टाच्या निकालात ते कुठेच नव्हतं. मी सरांना दाखवलं, त्यांनी मूळ कागद काढून ताडून पाहिलं आणि तो मुद्दा याचिकेत पहिला घेतला. त्या संध्याकाळचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पुढे प्रकरणाचं काय झालं ते सांगत नाही, ते माझं नाही.

मग रजिस्ट्री, म्हणजे प्रकरणं दाखल करून घेणारं कोर्टाचं कार्यालय. दाखल केलेल्या याचिकेत त्रुटी काढतात: पान अस्पष्ट, भाषांतर नाही, वकालतनाम्यावर सही नाही. त्या दूर करायच्या. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि सातबारा, फेरफार, पंचनामा समजणारं माणूस दिल्लीतल्या चेंबरमध्ये सहसा नसतं. आपल्या मुलांनी अर्जात हे ठळक लिहावं. मराठी महसुली कागद वाचता येणं ही तिथे दुर्मीळ गोष्ट आहे.

सोमवार आणि शुक्रवार हे 'मिसलेनिअस' दिवस. नव्या विशेष अनुमती याचिका (खालच्या निकालाविरुद्ध अपिलाची परवानगी मागणाऱ्या) त्या दिवशी लागतात, एकेका प्रकरणाला काही मिनिटं मिळतात. वर्षानुवर्षं लढलेलं प्रकरण दोन वाक्यांत निकालात निघताना पाहिलं की पोटात कालवतं. मंगळवार, बुधवार, गुरुवारी लांबलेले युक्तिवाद ऐकायला मिळतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी या मधल्या दिवसांत गॅलरीत बसावं. पास कोर्टाच्या सुस्वागतम पोर्टलवरून काढता येतो. घटनापीठाची सुनावणी असेल तर २०२२ पासून थेट प्रक्षेपण आहे, ते घरूनही बघता येतं, त्यासाठी दिल्लीला यायची गरज नाही.

राहायला जंगपुरा, निजामुद्दीन बघा. बरीच चेंबर्स त्याच पट्ट्यात आहेत आणि रविवारी संध्याकाळी सोमवारच्या प्रकरणांची बैठक हमखास असते.

कोरा कागद

सगळे अनुभव मस्त. एक विचारू? पैसे मिळत नाहीत याबद्दल इतकी तक्रार का असते? शिकायला जातोय ना आपण. कॉलेजला फी भरतोच की. इथे फी तरी नाही.

आडवाट

कोरा कागद, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेजात फी भरतो तेव्हा शिष्यवृत्ती असते, वसतिगृह असतं, फीमाफी असते. गरीब घरातला मुलगा निदान दारापर्यंत पोहोचतो. बिनपगारी इंटर्नशिपला यातलं काहीच नाही. दोन महिने राहणं, जेवण, मेट्रो आणि येण्याजाण्याचं रेल्वेभाडं धरलं तर ती रक्कम माझ्या घरात कोणाकडे एकरकमी नव्हती. माझी निवड झाली होती. मी गेलो नाही. माझ्यापेक्षा कमी गुण असलेला वर्गमित्र गेला, त्याचे मामा दिल्लीत आहेत. तो चांगला मुलगा आहे, त्याच्यावर राग नाही. पण पुढे प्रत्येक मुलाखतीत त्याला "तिथे काय केलंत?" विचारतात आणि मला "काहीच का केलं नाहीत?" विचारतात.

सरकारी धोरण जिथे ठरतं त्या टेबलाशी फक्त घरचे पैसे लावू शकणारी मुलं बसणार असतील, तर नुकसान माझं एकट्याचं नाही. रेशन दुकानाच्या रांगेत उभं राहिलेलं पोर त्या टेबलाशी असेल, तर ते तक्त्यातला एखादा रकाना वेगळ्या नजरेने वाचेल. 'शिकायला जातोय' हे खरंच आहे. पण निळी शाई ताईंनी वर जो तक्ता केला, तो मंत्रालयाच्या उत्तराला जोडला गेला असेल ना? मग ते कामही होतं. कामाचे पैसे मिळावेत, एवढंच म्हणणं आहे.

निळी शाई (धागाकर्ती)

आडवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पूर्ण सहमत. तक्ता जोडला गेला होता.

पैशाच्या बाबतीत मला पक्कं माहीत आहे ते लिहिते. नीती आयोग काहीही देत नाही, लॅपटॉपही आपला न्यावा लागतो. परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप मात्र वेगळी आहे. दरमहा १०,००० रुपये मानधन आणि जाण्यायेण्याचं विमानाचं साधं तिकीट मिळतं. तिथे राज्यवार निवड होते आणि आकांक्षित जिल्ह्यांतल्या (केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेल्या) उमेदवारांना प्राधान्य आहे. आपल्याकडे ते जिल्हे म्हणजे नंदुरबार, वाशीम, धाराशिव आणि गडचिरोली. तिथल्या किती कॉलेजांच्या सूचनाफलकावर ही जाहिरात लागते? या जिल्ह्यांतले कोणी प्राध्यापक वाचत असतील तर कृपा करून वर्गात सांगा.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दलही बरेच जण विचारतात. ती २०२४ मध्ये जाहीर झाली, महिना ५,००० रुपये, पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. कॉलेज चालू असणाऱ्यांनी नियम वाचूनच वेळ घालवावा.

कोरा कागद

आडवाट, या बाजूने विचार केला नव्हता. माझं मत बदललं.

मधली सुट्टी

पत्रकारितेचा विद्यार्थी. एका वाहिनीच्या दिल्ली ब्यूरोत होतो, नाव लिहीत नाही.

राजधानीत पत्रकारिता म्हणजे संसदेत, मंत्र्यांच्या मागेपुढे, असं वाटून मुलं येतात. अधिस्वीकृती, म्हणजे सरकारी पत्रकार ओळखपत्र, नसल्याने इंटर्नला बहुतेक दारं बंद असतात. मला दिवसभर पीआयबीची (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची) प्रसिद्धिपत्रकं पाचशे शब्दांत उतरवायला बसवलं होतं. मानधन 'महिनाअखेरीस बघू' म्हणाले, ते शेवटपर्यंत बघितलं नाही.

शिकलो ते जंतरमंतरवर. संध्याकाळी सुटलो की मी तिकडे जायचो, पटेल चौकावरून चालत. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून माणसं आलेली असतात. कोणाची भरती रखडलेली, कोणाची पेन्शन, कोणाचं धरण. कॅमेरे मोठ्या मोर्चाला येतात, पाच माणसांच्या धरण्याला कोणी येत नाही. मी त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसायचो. एका आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून निवेदनांच्या पोचपावत्या काढून दाखवल्या होत्या, प्रत्येकीवर गोल शिक्का, तारीख, सही, आणि घडीवर कागद फाटलेला. निळी शाई यांनी वर मंत्रालयातली जी फाइल सांगितली तिचं दुसरं टोक ते होतं. बातमी म्हणजे काय ते मला ब्यूरोत कळलं नाही, त्या पिशवीने कळलं.

संध्याकाळी इंडिया हॅबिटॅट सेंटर, इंडिया इंटरनॅशनल सेंटरची व्याख्यानं असतात, बरीचशी विनामूल्य. जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागार आहे. ऑफिसात काम मिळालं नाही म्हणून दिल्ली वाया गेली, असं होऊ देऊ नका.

सावली

पालक ताईंनी सुरक्षिततेचं विचारलं, सगळे घर आणि रस्त्याबद्दल बोलले. ऑफिसबद्दल मी बोलते, कारण त्रास मला तिथे झाला. तपशील लिहीत नाही.

तेव्हा मला वाटायचं, मी कर्मचारी नाही, पगार नाही, मी कोणाकडे जाणार? हे चूक आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी, स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ऑफिस असेल, वकिलांची चेंबर्स बऱ्याचदा असतात, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. म्हणजे इंटर्नशिप संपवून घरी परतल्यावरही मुदत उरलेली असते. मला हे एका वरिष्ठ सहकारी बाईंनी सांगितलं आणि समितीपुढे त्या माझ्या शेजारी बसल्या.

मुलींनो आणि मुलग्यांनोही, पहिल्या दिवशी समितीची नावं भिंतीवर कुठे लावली आहेत ते बघा. कायद्याने ती लावावी लागतात.

वादसूची

सावली, लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. मेसेज आणि ईमेल पुसू नका, एवढी भर घालते.

जुना दिल्लीकर

सावली, बाळा, धीराची आहेस.

थोडं ऋतूंबद्दल. मे-जूनमध्ये येणाऱ्यांनी लू, म्हणजे तिथला उष्ण वारा, हलकी समजू नये. दुपारी बाहेरची कामं टाळा, पाणी जवळ ठेवा. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हवा इतकी खराब होते की दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच त्या काळातली इंटर्नशिप घ्यावी, एन-९५ मास्क तर हवाच. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, रुजू व्हायच्या आदल्या दिवशी पोहोचायचं तिकीट काढू नका. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात छान.

अवांतर: आपलं माणूस लागतंच कधीतरी. कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे, जुनं कोपर्निकस मार्गावर. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वं साहित्य संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. दिल्लीत त्याआधीचं १९५४ चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली. या वेळी मंडपात इंटर्नशिपला आलेली कितीतरी मुलं भेटली, पुस्तकांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन फिरत होती. फार बरं वाटलं.

एक पालक

सर्वांचे आभार. मुलीला सगळा धागा वाचायला दिला. सावलीचा प्रतिसाद तिने आणि मी एकत्र वाचला, मग बराच वेळ बोलत बसलो. असं बोलणं आमच्यात आधी झालं नव्हतं. ती अर्ज करतेय. नीती आयोगाच्या अटी कोणी सांगेल का? कॉलेजकडून काय लागतं?

निळी शाई (धागाकर्ती)

ताई, अर्ज ऑनलाइन, दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान भरतात. किमान सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. पदवीच्या मुलांसाठी चौथ्या सेमिस्टरची परीक्षा दिलेली असावी आणि बारावीला ८५ टक्के असावेत, अशी अट होती. भरण्याआधी संकेतस्थळावरची ताजी सूचना बघून घ्या. विषय निवडताना 'कोणताही चालेल' असं करू नका. तिने ज्या विषयावर काही लिहिलं आहे तोच निवडू दे, मग काम मागताना तिला बोलता येईल.

कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं. लेटरहेडवर, प्राचार्य किंवा विभागप्रमुखांची सही आणि शिक्का. त्यात इंटर्नशिपच्या तारखा लिहून घ्या आणि त्या सेमिस्टर परीक्षेवर येत नाहीत ना ते ऑफिसातून आधी विचारा. क्रेडिट हवे असतील तर किती तासांचं प्रमाणपत्र लागेल तेही आताच लेखी घ्या, नंतर दिल्लीहून फोन करून ते होत नाही.

आणि आडवाट, तुम्ही अजून २५ च्या आत असाल तर लॅम्पचा अर्ज भरा. निबंध लिहिताना मसुदा बघून हवा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शून्य प्रहर, तुम्हीही बघाल ना?

शून्य प्रहर

नक्की. आडवाट, पाठवा. रेशनच्या रांगेचं जे इथे लिहिलंत ते निबंधात घ्या, आणि त्या विषयावरचे स्थायी समितीचे दोन अहवाल तुम्हाला आजच पाठवतो.